बीबी का मकबरा : प्रतिकृतीचा आरोप आणि वास्तूची साक्ष

महाराष्ट्रातील मुघलकालीन वास्तूंचा विचार करताना औरंगाबाद (२०२३ पासूनचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर) येथील बीबी का मकबरा या वास्तूचा उल्लेख अपरिहार्यपणे होतो. आणि तितक्याच अपरिहार्यपणे त्या उल्लेखाला ‘दख्खनचा ताज’ किंवा किंचित उपहासाने ‘गरिबांचा ताज’ हे विशेषण चिकटते. वरवर पाहता हे विशेषण गौरवाचे वाटते. प्रत्यक्षात ते निकाल देऊन टाकते. ताजमहाल हे मूळ, मकबरा ही नक्कल. मूळ श्रेष्ठ, नक्कल कनिष्ठ. म्हणून नकलेकडे बारकाईने पाहण्याचे कारण उरत नाही. गेल्या दीडशे वर्षांतील बहुतेक लेखन या निकालावर उभे आहे. हा निकाल किती पुराव्यावर आधारलेला आहे आणि किती सवयीवर, हे प्रस्तुत लेखात तपासावयाचे आहे.

या निकालाला शास्त्रीय प्रतिष्ठा प्रथम जेम्स फर्ग्युसन यांनी दिली. १८७६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय व पौर्वात्य वास्तुकलेच्या आपल्या इतिहासात त्यांनी ताज आणि मकबरा यांच्यामधील अल्प कालावधीत अभिरुचीची जी घसरण झाली तिच्याबद्दल खेद व्यक्त केला, आणि औरंगाबादची वास्तू हीन अभिरुचीच्या दोषातून थोडक्यात बचावली आहे असा अभिप्राय नोंदविला. फर्ग्युसन यांचा अधिकार मोठा होता. पुढील पिढ्यांतील ग्रंथकारांनी हा अभिप्राय थोड्याफार शब्दांतराने पुढे नेला आणि तो पर्यटन-पुस्तिकांपर्यंत झिरपला. विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र विचारात बदल दिसतो. कॅथरीन ॲशर यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात मकबऱ्याचा उंचीकडे असलेला कल हा औरंगजेबकालीन वास्तुविचाराशी जोडून पाहिला. अपयशी अनुकरण आणि बदललेली अभिरुची या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. मराठीतील लेखनात हा भेद अद्याप पुरेसा उतरलेला नाही.

कोण, केव्हा, कोणासाठी

वास्तूच्या मूल्यमापनापूर्वी तिच्या इतिहासातील एक ठळक विसंगती दूर करणे आवश्यक आहे. अनेक ठिकाणी मकबऱ्याचा बांधकाम-काळ १६५१ ते १६६१ असा दिला जातो आणि त्याचे श्रेय औरंगजेबाचा पुत्र शाहजादा आझम याला दिले जाते. ‘आईसाठी मुलाने बांधलेला ताज’ ही कथा मोठी मोहक आहे, परंतु साध्या अंकगणितापुढे ती टिकत नाही. ज्या दिलरस बानू बेगमची ही कबर, तिचा मृत्यू ८ ऑक्टोबर १६५७ रोजी झाला. तिच्या हयातीत सहा वर्षे आधी तिचा मकबरा सुरू झाला असे मानण्यास आधार नाही. आझमचा जन्म २८ जून १६५३ चा, बऱ्हाणपूर येथील. म्हणजे आईच्या मृत्यूसमयी तो चार वर्षांचा आणि बांधकाम पूर्ण झाले तेव्हा जेमतेम आठ वर्षांचा होता. आठ वर्षांच्या मुलाने एवढी वास्तू उभारली असे म्हणणे म्हणजे इतिहासाला पाळण्यात घालणे होय. पुढे मोठेपणी आझमकडे वास्तूच्या डागडुजीचे काम सोपविले गेले असे सांगितले जाते. त्या डागडुजीवरूनच निर्मितीचे श्रेय त्याच्याकडे सरकले असावे, हा तर्क अधिक सयुक्तिक वाटतो.

मुख्य प्रवेशद्वारावरील लेखात दोन नावे आहेत: वास्तुकार अताउल्ला आणि स्थापत्यकाम पाहणारा हंसपत राय. हिजरी १०७१ म्हणजे इ.स. १६६०-६१ हे वर्षही तेथेच मिळते. दिलरस बानूच्या मृत्यूपासून मोजल्यास हे काम सुमारे तीन-साडेतीन वर्षांत उरकलेले दिसते. हा काळ ध्यानात घेतल्याशिवाय वास्तूचा न्याय करता येणार नाही, कारण ही तीन-साडेतीन वर्षे मुघल इतिहासातील सर्वांत अस्थिर वर्षे होत.

१६५७ च्या वसंतात औरंगजेबाने बीदर घेतले होते, पावसाळ्यात कल्याणीचा किल्ला घेतला होता. सप्टेंबरात शाहजहान आजारी पडल्याची बातमी दख्खनेत पोचली. ११ सप्टेंबरला औरंगाबादेत दिलरस बानूला पुत्र झाला, त्याचे नाव मुहम्मद अकबर. या बाळंतपणानंतर ती उठली नाही. महिन्याभरातच तिचे निधन झाले. त्याच ऑक्टोबरात कोकणात शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. १६५८ च्या फेब्रुवारीत औरंगजेब सैन्य घेऊन उत्तरेकडे निघाला. एप्रिलात धरमत, मे महिन्यात समूगढ, पुढे खजवा आणि १६५९ च्या मार्चमध्ये अजमेरजवळ देवराई अशा लढाया होत गेल्या. औरंगाबादेत पाया खणला जात असताना, दगड चढत असताना, खजिना युद्धावर खर्च होत होता आणि बांधविणारा शेकडो मैल दूर भावांशी लढत होता.

देवराईच्या लढाईचा येथे आणखी एक संबंध आहे, आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. दिलरस बानूचा पिता शाहनवाझ खान सफवी हा गुजरातचा सुभेदार. वारसायुद्धात तो दारा शुकोहच्या बाजूने उभा राहिला आणि देवराईच्या रणात मारला गेला. म्हणजे ज्या वर्षी मकबऱ्याच्या भिंती उठत होत्या त्याच वर्षी जिच्यासाठी त्या उठत होत्या तिचा बाप जावयाच्या सैन्याशी लढताना पडला. मकबऱ्याचे काम त्यामुळे थांबले नाही. या घटनेवरून औरंगजेबाच्या मनःस्थितीविषयी अनुमाने काढण्याचा मोह टाळावा हेच बरे. परंतु ‘शोकाकुल पतीचे स्मारक’ अशी ताजच्या साच्यातील एकरेषीय कथा येथे लागू पडत नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

अताउल्लाचा वारसा

वास्तुकार अताउल्ला हा उस्ताद अहमद लाहोरीचा पुत्र. उस्ताद अहमद १६४९ साली वारला. त्याचा दुसरा पुत्र लुत्फुल्ला मुहंदिस याने आपल्या फारसी काव्यात ताजमहाल आणि दिल्लीचा लाल किल्ला यांचा कर्ता म्हणून पित्याचे नाव घेतले आहे. तेव्हा ताज आणि मकबरा यांमधील नाते हे पिता-पुत्राचे, एकाच कारखान्याचे नाते आहे. गवयाच्या घराण्यात मुलाने बापाची बंदिश गायिली तर तिला कोणी चोरी म्हणत नाही. गळा कसा लागला, बढत कशी झाली हे पाहतात. वास्तूच्या बाबतीत तेवढी उदारता दाखविली गेलेली नाही.

अताउल्लाची ओळख केवळ वास्तुकार म्हणून देणे अपुरे ठरेल. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथाचा फारसी अनुवाद १६३४-३५ च्या सुमारास त्यानेच करून शाहजहानला अर्पण केला होता. ‘लीलावती’चा अनुवाद त्यापूर्वी १५८७ मध्ये अकबराच्या दरबारी फैजीने केला होता; त्याच परंपरेतील हे पुढचे पाऊल. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तेराव्या शतकाच्या आरंभी चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापन केल्याचा शिलालेख प्रसिद्ध आहे. ते पाटण औरंगाबादच्या उत्तरेला, कन्नडचा घाट उतरल्यावर डोंगराच्या पायथ्याशी आहे. उत्तरेतील दरबारात बसून ज्याने सह्याद्रीतल्या गणित्याचा ग्रंथ फारसीत नेला, त्यालाच पंचवीस वर्षांनी त्याच डोंगररांगांच्या अलीकडे एक चौरस चौथरा आखावा लागला. हा योगायोगच, पण मकबऱ्याला ‘उत्तरेतून आणून ठेवलेली वस्तू’ मानणाऱ्यांनी तो विचारात घ्यावा असा आहे.

या कुटुंबाची जुन्या वास्तूंविषयीची जिज्ञासाही नोंदलेली आहे. मांडू येथे होशंगशाहाची पंधराव्या शतकातील संगमरवरी कबर आहे. तिच्या दारावरील १६५९ च्या लेखात लुत्फुल्ला मुहंदिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्या कबरीला भेट देऊन तिच्या कर्त्यांना आदरांजली वाहिल्याचे म्हटले आहे. त्याच वर्षी औरंगाबादेत दुसऱ्या भावाचे काम चालू होते. मांडूच्या संगमरवराकडे पाहणारी आणि औरंगाबादचा घुमट रचणारी दृष्टी एकाच घरातली होती.

खर्चाचा हिशेब

मकबऱ्याच्या कनिष्ठतेचा सर्वांत लोकप्रिय पुरावा म्हणजे पैशांचा. गुलाम मुस्तफा यांच्या ‘तारीखनामा’त मकबऱ्याचा खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा दिला आहे. याच्याशेजारी ताजचा ३ कोटी २० लाखांचा आकडा मांडून औरंगजेबाच्या कंजूषपणावर भाष्य केले जाते. या तुलनेत जवळजवळ ४८ पटींचा फरक दिसतो. परंतु शाहजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने ‘पादशाहनामा’त दिलेला ताजचा खर्च ५० लाख रुपये आहे. कोटींचे आकडे उत्तरकालीन लेखनातून आलेले आहेत. समकालीन आकडा धरला तर फरक साधारण साडेसात पटींवर येतो. साडेसात पट हा फरकही लहान नव्हे, हे मान्य केले पाहिजे. मात्र ताज उभारणारा सम्राट स्थिर गादीवर होता. १६३२ पासून त्याने एका दशकाहून अधिक काळ काम चालू ठेवले आणि देखभालीसाठी ३० गावे व बाजार-सरायांचे उत्पन्न लावून दिले. मकबरा उभारणारा सुरुवातीला केवळ एक सुभेदार शाहजादा होता, आणि काम निम्म्यावर आले तेव्हा तो नुकताच, विवादित मार्गाने, तख्तावर बसलेला होता.

पैशांच्या चर्चेत एक कागद नेहमी बाजूला राहतो. १६५२ च्या डिसेंबरात दख्खनच्या सुभेदारीवर येताना औरंगजेब आग्र्यास थांबला होता. तेथून त्याने शाहजहानला लिहिलेल्या पत्रात ताजच्या दुरवस्थेचा तपशीलवार वृत्तांत आहे: पावसाळ्यात मुख्य घुमट उत्तर बाजूला गळतो, वरच्या मजल्यावरील कमानी व छोटे घुमट ओलावले आहेत, मशिदीच्या घुमटांतूनही पाणी आले, नदीपलीकडील मेहताब बाग पुराच्या पाण्याखाली गेली. बांधून दहा वर्षेही न झालेल्या वास्तूची ही तपासणी एखाद्या अनुभवी मिस्त्रीने करावी तशी आहे. पुढे पाच वर्षांनी ज्याने मकबऱ्याची आज्ञा दिली त्याला संगमरवरी घुमटाचे वैभव जितके ठाऊक होते तितकीच त्याची गळतीही ठाऊक होती.

संगमरवर, बेसॉल्ट आणि चुना

आता वास्तूकडे वळावे. उंच तटाने वेढलेले सुमारे ४५८ मीटर लांब (उत्तर-दक्षिण) आणि २७५ मीटर रुंद (पूर्व-पश्चिम) आवार. दक्षिणेला भव्य प्रवेशद्वार. उरलेल्या तीन बाजूंच्या तटाच्या मध्यभागी बारादऱ्या. आणि चारबागेच्या मधोमध चौरस चौथऱ्यावर, चार कोपऱ्यांस चार मिनार घेऊन उभी असलेली कबर. येथेच ताजशी पहिला मूलभूत फरक पडतो. ताजची कबर बागेच्या टोकाला, यमुनेच्या काठावर आहे. तिच्यामागे आकाशाखेरीज काही नाही. मकबरा बागेच्या मध्यावर आहे, हुमायूनच्या दिल्लीतील कबरीप्रमाणे. म्हणजे मूळ योजनेत अताउल्लाने पित्याचा नमुना सोडून शंभर वर्षे जुना पाठ स्वीकारला. ‘हुबेहूब नक्कल’ म्हणणाऱ्यांनी प्रवेशद्वारातून दिसणारे चित्र पाहिले, नकाशा पाहिला नाही. शिवाय मागे आकाशाची रिकामी पाटी नाही. उत्तरेला औरंगाबाद लेणी पोटात घेऊन बसलेली डोंगररांग आहे. पावसाळ्यानंतर हिरव्या आणि उन्हाळ्यात करड्या पडणाऱ्या या डोंगरापुढे पांढरा घुमट मोठा होऊ शकत नाही. तो उठून दिसू शकतो. उंचीकडे झुकलेल्या प्रमाणांचा विचार या पार्श्वभूमीसह करावयास हवा. अर्थात मिनार मुख्य इमारतीच्या मानाने जवळ आणि जड झाले आहेत, घुमटाभोवतीच्या छत्र्यांची दाटी होते, हा आक्षेप पार्श्वभूमीने पुसला जात नाही. तो दोष आहे, आणि दक्षिण दरवाजातून पाहणाऱ्याच्या डोळ्यांना तो पहिल्या क्षणी खटकतो.

दुसरा फरक सामग्रीचा. खालच्या भागात कमरेएवढ्या पट्ट्यापर्यंत संगमरवर, त्यावर घुमटाच्या बैठकीपर्यंत बेसॉल्ट म्हणजे आपला काळा पाषाण आणि त्यावर घोटीव चुन्याचा गिलावा, आणि घुमट पुन्हा संगमरवरी. हा संगमरवर राजस्थानातील खाणींतून आला. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने संगमरवराने लादलेल्या सुमारे तीनशे गाड्या वाटेत पाहिल्या आणि त्यांतल्या सर्वांत लहान गाडीलाही बारा बैल जुंपलेले होते, असे लिहून ठेवले आहे. वारसायुद्धाच्या धामधुमीत बैलगाड्यांनी एवढी वाहतूक करावयाची म्हणजे प्रत्येक शिळेचा हिशेब करावा लागला असणार. संगमरवर कोठे घातला हे म्हणूनच महत्त्वाचे ठरते: जेथे हात लागतो, पाऊल पडते, नजर जवळून जाते तो खालचा पट्टा आणि जो कोसावरून दिसतो तो घुमट. मधला भाग चुन्यावर सोपविला.

मधल्या या भागाला बहुतेक समीक्षक ‘स्वस्त पर्याय’ म्हणून झटकून टाकतात. येथेच त्यांच्या दृष्टीची मर्यादा उघड होते. दख्खनमध्ये काळ्या पाषाणावर चुन्याचे नक्षीकाम करण्याची परंपरा मुघलांच्या आधीची आणि स्वतंत्र आहे. बीदरच्या कबरी, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील निजामशाही वास्तू, खुलताबादेतील मलिक अंबरची कबर या साऱ्यांत ती दिसते. हा पाषाण कठीण, सच्छिद्र आणि गडद. त्यात बारीक फूल-पान कोरून उठाव येत नाही, म्हणून कारागिराने चुन्यालाच कोरीव दगडाची योग्यता दिली. चुना भिजवून मुरवायचा, घाणीत मळायचा, थरावर थर चढवायचे, ओला असतानाच नक्षी काढायची आणि शेवटचा हात गुळगुळीत दगडाने तासन्‌तास घोटून आरशासारखा करायचा, हे काम संगमरवर कापण्यापेक्षा हलके नाही. फरक एवढाच की यातील कौशल्य दगडाबरोबर विकत आणता येत नाही. ते त्या गावातल्या हातांत असावे लागते. मकबऱ्याच्या कमानींच्या कपाळपट्ट्या, मुख्य दरवाजाच्या अंतर्भागातील व बारादऱ्यांतील गिलाव्याची वेलबुट्टी पाहता हे हात येथे होते यात शंका राहत नाही. मुघल आराखड्यावर दख्खनी कारागिरी चढलेली आहे. खडकीची वस्ती मलिक अंबरने १६१० मध्ये वसविली, १६५३ नंतर तीच औरंगाबाद झाली. या शहराच्या घडणीत जे मिश्रण आहे तेच त्याच्या सर्वांत प्रसिद्ध वास्तूच्या भिंतीवर आहे.

या संदर्भात विजापूरचा गोल घुमट आठवतो. मुहम्मद आदिलशाह १६५६ मध्ये वारला, दिलरस बानू १६५७ मध्ये. दोन्ही कबरी एकाच दशकातल्या. विजापूरने सुमारे ४४ मीटर बाह्यव्यासाचा घुमट उभारून आकाराची परिसीमा गाठली, औरंगाबादने आकार आवरून धरला. पण मकबऱ्याची तुलना गोल घुमटाशी कोणी करीत नाही. तुलना नेहमी आग्र्याशीच. महाराष्ट्रातील वास्तूचे मोजमाप उत्तरेच्या गजाने करण्याची ही सवय कोठून आली, याचाही कधीतरी विचार व्हावयास हवा.

कबरीकडे पाहण्याची रीत

मकबऱ्याचे खरे वैशिष्ट्य आत आहे, आणि आश्चर्य असे की त्याची चर्चा सर्वांत कमी होते. ताजमध्ये दर्शकाला मुख्य दालनात रत्नजडित समाधी दिसते. ती नाममात्र असते, खरी कबर खाली तळघरात. वरची समाधी दर्शकाच्या पातळीवर, वैभवासह. मकबऱ्यात वरच्या दालनात समाधीच नाही. तेथे जमिनीला अष्टकोनी मोकळीक ठेवली आहे आणि तिच्याभोवती संगमरवरी जाळीचा बुटका कठडा आहे. कठड्यापाशी येऊन दर्शक खाली पाहतो. खालच्या पातळीवर, आणखी एका अष्टकोनी संगमरवरी जाळीच्या आत, कापडाने झाकलेली साधी कबर आहे.

या योजनेने संपूर्ण अनुभव बदलतो. बाहेर कारंज्यांच्या हौदापासून चौथऱ्यापर्यंत, चौथऱ्यापासून कमानीपर्यंत, कमानीपासून घुमटापर्यंत नजर सतत वर चढविलेली असते. आत शिरताच ती एकदम खाली उतरते. मान वाकते. भिंतींतील जाळ्यांतून गाळून आलेला मंद प्रकाश त्या मोकळीकीत उतरतो आणि ज्याच्यासाठी एवढा डामडौल केला ते शेवटी जमिनीच्या पातळीखाली, वैभवाविना दिसते. बाहेरच्या प्रमाणांत अताउल्ला पित्याच्या मागे पडला असेल. या दालनात तो त्याच्यापेक्षा वेगळे काही बोलतो आणि स्पष्ट बोलतो. ज्या औरंगजेबाने १७०७ मध्ये खुलताबादेत झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात स्वतःसाठी उघडी मातीची कबर पत्करली (तिच्याभोवतीची संगमरवरी जाळी लॉर्ड कर्झनच्या काळातील, म्हणजे दोनशे वर्षांनंतरची आहे) त्याच्या विचाराचा आरंभ येथे दिसतो की काय, असा प्रश्न पडतो. निर्णायक उत्तर देता येणार नाही, कारण पन्नास वर्षांचे अंतर फार मोठे आहे. पण घुमटाच्या उंचीवर पानेच्या पाने लिहिणाऱ्यांनी या अष्टकोनी मोकळीकीवर एक परिच्छेदही खर्च करू नये, हे समीक्षेच्या दृष्टीने शोचनीय आहे.

या वास्तूच्या नावातही असेच काहीसे घडले आहे. मृत्यूनंतर दिलरस बानूला ‘राबिया-उद्-दौरानी’ म्हणजे ‘या युगाची राबिया’ अशी पदवी मिळाली. आठव्या शतकातील बसऱ्याच्या संत राबियाचे स्मरण तीत आहे. लोकांनी मात्र पदवीही ठेवली नाही आणि नावही. उरली ती ‘बीबी’. मुमताज महलचे नाव ताजला चिकटले, दिलरस बानूचे नाव तिच्या कबरीला चिकटू शकले नाही. वीस वर्षांच्या संसारात पाच मुले आणि पाचव्या बाळंतपणात मृत्यू, एवढाच तिचा चरित्रपट पुस्तकांत सापडतो. थोरली झेबुन्निसा दौलताबादेत जन्मली, फारसी कवयित्री म्हणून प्रसिद्धी पावली. धाकटा अकबर, ज्याच्या जन्मानंतर आई गेली, १६८१ मध्ये पित्याविरुद्ध उठला आणि दख्खनेत येऊन छत्रपती संभाजी महाराजांच्या आश्रयाला राहिला. सुधागड-पालीच्या परिसरात त्याचा मुक्काम होता. आजच्या रायगड जिल्ह्याशी या कबरीचा एवढाच धागा, पण तो खरा आहे. भावाशी पत्रव्यवहार केल्याबद्दल झेबुन्निसा दिल्लीच्या सलीमगडात कैदेत पडली. अकबर १६८७ मध्ये राजापूरहून जहाजाने इराणकडे निघाला तो परत आला नाही.

उत्तरकाळ आणि आजचा प्रश्न

निजामाच्या राजवटीतील दोन गोष्टी सांगितल्या जातात. सिकंदर जाह याने मकबऱ्याचा संगमरवर काढून हैदराबादला नेण्याचा हुकूम दिला, काही शिळा निघाल्यावर अरिष्टाच्या भयाने काम थांबविले आणि प्रायश्चित्त म्हणून पश्चिमेला मशीद बांधली, ही आख्यायिका. आख्यायिका खरी असो वा नसो, मशीद प्रत्यक्ष उभी आहे आणि ती नंतरची आहे. तिच्यामुळे चौथऱ्यावर येण्याची पश्चिमेची वाट बंद झाली. आज तीनच बाजूंनी पायऱ्या आहेत. चारी दिशांनी समान असावी अशी कल्पिलेली ही वास्तू आज एका बाजूने अडलेली आहे, आणि तिच्या समतोलावर टीका करणाऱ्यांपैकी फार थोडे ही अडचण अताउल्लाच्या खात्यातून वजा करतात.

हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले आणि मकबऱ्याची जबाबदारी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आली. संरक्षणाचा प्रश्न येथे समीक्षेच्या प्रश्नाशी थेट गुंतलेला आहे. मकबऱ्याला ‘संगमरवरी वास्तू’ म्हणून ओळखले तर संगमरवर हा त्याचा जपावयाचा भाग ठरतो आणि गिलावा ही भरती ठरते. संगमरवर काळवंडला तर तो धुता येतो, एखादी शिळा फुटली तर खाणीतून दुसरी आणता येते. सतराव्या शतकातील घोटीव चुना एकदा फुगून सुटला की परत येत नाही. पावसाचे पाणी काळ्या दगडाच्या सांध्यांतून आत शिरते, क्षार बाहेर फुटतात, पोपडा निघतो. तेथे सिमेंट भरले तर दगड श्वास घेऊ शकत नाही आणि शेजारचा अस्सल थरही सुटू लागतो. त्यासाठी तोच चुना, तितकाच मुरवलेला, तितकाच घोटलेला लागतो. असे काम जाणणारे कारागीर आज विरळ झाले आहेत. त्यांच्या मजुरीचा दर ‘प्लास्टर’ या सदरात मोडतो, ‘शिल्प’ या सदरात मोडत नाही. मोठ्या दुरुस्तीच्या निविदेत चौरस मीटरचा भाव असतो, घोटण्याच्या तासांचा नसतो.

दक्षिण दरवाजातून शिरणारा पर्यटक आजही पहिले छायाचित्र हौदापलीकडून, घुमट मधोमध धरून काढतो, कारण ताजचे छायाचित्र तसेच असते. दरवाजाच्या आतल्या कमानीतील गिलाव्याच्या वेलीकडे पाहण्यासाठी त्याला तेथेच, चार पावले मागे, मान वर करून उभे राहावे लागेल; आणि हंसपत रायचे नाव ज्या दारावर आहे ते दार तर त्याच्या पाठीशीच असते.